नीतीचे अर्थकारण : मोरवडचे गुलाम महाराज

धर्म, नीती आणि आर्थिक विकास यांच्या परस्परसंबंधाची चर्चा मॅक्स वेबरच्या सिद्धांतापासून सुरू करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. नंदुरबार जिल्ह्यापुरती तरी ती मोरवडच्या गुलाम महाराजांपासून सुरू व्हावयास हवी.

तळोदा तालुक्यातील मोरवड (रंजनपूर) येथील हे भिल्ल सत्पुरुष ज्या समाजात वाढले, त्याच्या जमिनी सावकार व जमीनदारांकडे गेल्या होत्या. त्यातच 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गुन्हा ठरली. ठेकेदाराच्या दुकानातूनच ती विकत घेणे भाग पडले. दारूपायी कर्ज आणि कर्जापायी सालदारकी, असे हे चक्र होते.

गुलाम महाराजांनी 1937 च्या सुमारास सामुदायिक आरती सुरू केली. पश्चिम खानदेशातील आदिवासी तिच्यासाठी हजारोंनी लोटू लागले. मद्य आणि मांस वर्ज्य करावे, नित्य स्नान करावे, चोरी करू नये, एकमेकांस ‘आप’ म्हणून संबोधावे, एवढीच त्यांची शिकवण. पिढ्यान्‌पिढ्या अरे-तुरे ऐकत आलेल्यांच्या दृष्टीने त्या एका संबोधनाचे मोल फार मोठे होते. या पंथाला ‘आप धर्म’ हे नाव त्यावरूनच पडले.

दारूचा खप घटताच ठेकेदार अस्वस्थ झाले. ताठ मानेने बोलणारा मजूर जमीनदारांनाही रुचला नाही. गरिबाच्या व्यसनावर कोणाकोणाचे उत्पन्न उभे असते, हे त्या विरोधानेच उघड केले. 1938 साली महाराजांचे निधन झाले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे नेले, तेव्हा सरकारने त्यांना हद्दपार केले.

या चळवळीने पैसा वाचविला आणि आत्मसन्मान दिला. मात्र, वाचलेल्या पैशाचे भांडवल होण्यासाठी पायाखाली जमीन लागते, आणि ती भजनाने परत मिळत नाही. हा उरलेला प्रश्न 1970 नंतर शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती यांनी हाती घेतला. 1974 साली त्यांचेही अकाली निधन झाले. तथापि, अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे बळ या समाजात आधीच्या पिढीच्या आत्मशुद्धीने पेरले होते, हे विसरता येणार नाही.

गरिबांना संयमाचा उपदेश करणाऱ्यांनी म्हणूनच गुलाम महाराजांचे चरित्र पूर्ण वाचावे. त्यांच्या अनुयायांनी आपला वाटा उचलला होता. जमीन आणि रास्त मजुरी देण्याचा वाटा समाजाचा व शासनाचा होता.