ताम्रपटावरील कवी : विल्यम ब्लेक

तांब्याच्या पत्र्याशी ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध, त्या आपल्या ज्ञातिबांधवांस एका परदेशीय कारागिराचे चरित्र आपलेसे वाटेल, या विश्वासाने हा अल्प परिचय सादर करीत आहे. विल्यम ब्लेक याची गणना आज इंग्लंडच्या थोर कवींत होते, तशीच थोर चित्रकारांतही होते. परंतु त्याने जन्मभर पोट भरले ते ताम्रपट कोरण्याच्या धंद्यावर.

ब्लेकचा जन्म २८ नोव्हेंबर १७५७ रोजी लंडन येथे झाला. वडिलांचे मोज्यांचे दुकान होते. मुलाचा ओढा पाहून त्यांनी त्यास दहाव्या वर्षी चित्रशाळेत घातले व १७७२ साली जेम्स बझायर या ताम्रपट कोरणाऱ्या उस्तादाकडे सात वर्षांच्या उमेदवारीस ठेविले. गुरूने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबी या पुरातन प्रार्थनामंदिरातील समाध्यांची चित्रे काढावयास पाठविले. तेथे घडलेला संस्कार त्याच्या हातातून कधीच गेला नाही.

१७८२ साली त्याने कॅथरिन बाउचर हिच्याशी विवाह केला. ती भाजीमळेवाल्याची मुलगी. विवाहाच्या नोंदवहीत सही म्हणून तिने केवळ फुली काढली. ब्लेकने तिला लिहावाचावयास शिकविले. छापणे व रंग भरणे हेही शिकविले. पुढील पंचेचाळीस वर्षे त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना होता.

१७८७ साली धाकटा भाऊ रॉबर्ट वारला. त्यानेच आपणास स्वप्नदृष्टान्तात छपाईची नवी रीत दाखविली, अशी ब्लेकची श्रद्धा होती. ती रीत अशी : पत्र्यावर तेजाब लागू न देणाऱ्या रोगणाने अक्षरे उलटी लिहावयाची व त्यांच्या भोवतीच चित्र काढावयाचे, मग पत्रा तेजाबात ठेविला की मोकळी जागा खाल्ली जाई आणि अक्षर व चित्र दोन्ही उठून राहत. त्यावर शाई लावून कागद घरच्याच दाबयंत्रातून काढावयाचा व हाताने रंगवावयाचा. काव्य, चित्र, कोरणी, छपाई ही सर्व कामे एकाच घरात होत. १७८९ साली निरागसतेची गीते या रीतीने निघाली; १७९४ साली त्यांस अनुभवाची गीते जोडली गेली. जेरुसलेम या महाकाव्याचे तर १०० पत्रे झाले. त्याची संपूर्ण रंगविलेली एकच प्रत त्याच्या हातून पुरी झाली.

मात्र प्रत्येक प्रत हाताने तयार व्हावयाची, म्हणून प्रती थोड्या आणि गिऱ्हाईकही थोडे. १८०५ साली एका प्रकाशकाने त्याच्याकडून एका काव्याची चित्रे काढून घेतली, पण कोरण्याचे काम, म्हणजे खरी मिळकत, दुसऱ्यास दिली. १८०९ साली त्याने भावाच्या दुकानात स्वतःच्या चित्रांचे प्रदर्शन मांडले. त्यात चार्ल्स विल्किन्स गीतेचे भाषांतर करीत आहे असेही एक चित्र होते. पाहावयास फारसे कोणी आले नाही. उतारवयात जॉन लिनेल या तरुण चित्रकाराने काम दिले, म्हणून घर चालले. १२ ऑगस्ट १८२७ रोजी ब्लेक निवर्तला. अंत्यविधीचा खर्च उसन्या पैशांनी करावा लागला. १८३१ साली कॅथरिनही गेली.

पुढे त्याचे पत्रे मोडीत गेले वा नाहीसे झाले. काव्यग्रंथांच्या पत्र्यांपैकी आज एक लहानसा तुकडा तेवढा उरला आहे. प्रती निरनिराळ्या संग्रहांत विखुरल्या. १८६३ साली गिलख्रिस्टचे चरित्र निघाले तेव्हा लोकांस त्याची आठवण झाली. १९२५ साली जेफ्री केन्स याने त्याचे समग्र लेखन तीन खंडांत आणले. परंतु जे एका पत्र्यावर एका हाताने उमटले, त्यातील शब्द तेवढे वेगळे काढणे म्हणजे मूर्तीवरचा लेख वाचून मूर्ती न पाहण्यासारखेच. ती उणीव भरून काढण्यासाठी १९४९ साली ब्लेक न्यास स्थापन झाला. आणि १९९१ ते १९९५ या काळात त्याचे सचित्र ग्रंथ सहा खंडांत, मूळ पानांच्या रंगीत प्रतिकृतींसह, प्रसिद्ध झाले. २००० साली ते एका खंडातही निघाले. ज्या प्रती पूर्वी मोजक्या संग्राहकांनीच पाहिल्या होत्या, त्या सामान्य वाचकाच्या हाती आल्या.

ब्लेक काम करीत होता त्याच काळात आपल्याकडेही पुण्याच्या एका तांबटाने भगवद्गीतेचे ताम्रपट कोरावयास घेतले होते. नाना फडणविसांच्या निधनानंतर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली ती गीता छापली गेली. त्या कारागिराचे नाव आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? आपल्या वाडवडिलांच्या हातचे साचे, नक्षीचे पत्रे व नमुन्यांच्या वह्या आजही कित्येक घरांच्या माळ्यांवर पडून असतील. ते मोडीत घालण्यापूर्वी त्यांची नोंद करावी, करणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे आणि मुलांस दाखवावे. ब्लेकचे विखुरलेले काम एकत्र होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. आपण इतका विलंब न करावा, हीच ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.