फ्रांस्वा ह्यूबर आणि पेटीचं दार

मधमाश्या पाळणारी दोन माणसं एकत्र आली की एक वाद हमखास निघतो: पेटीचं दार किती मोठं ठेवायचं? तळाला जाळी असेल तर हवा खालूनही येते. पण तळाला सलग फळी असली की सगळी मदार त्या एका फटीवर. फट लहान ठेवली तर माश्या गुदमरतील अशी भीती, मोठी ठेवली तर चोर शिरतील अशी भीती. या प्रश्नाच्या मुळाशी जो माणूस प्रयोग करत करत पोहोचला, त्याला ना पेटी दिसत होती, ना माशी.

फ्रांस्वा ह्यूबर २ जुलै १७५० रोजी जिनिव्हात जन्मला. वडील झां ह्यूबर हे हौशी चित्रकार आणि व्हॉल्टेअरच्या बैठकीतले. घरात पुस्तकं, गप्पा, पक्ष्यांचा नाद, सगळं होतं. मुलगा पंधरा वर्षांचा झाला आणि त्याची नजर कमी व्हायला लागली. वडिलांनी त्याला पॅरिसला नेलं. तब्येत सुधारावी म्हणून जवळच्या एका खेड्यात शेतकऱ्यासारखं राहायला लावलं. तब्येत सुधारली, डोळे नाही. नेत्रवैद्यानं आशा सोडायला सांगितलं.

त्याआधीच मारी-एमे ल्युलँ या मुलीशी त्याचं मन जुळलं होतं. आंधळा होत चाललेला जावई तिच्या वडिलांना कसा चालणार? ते गावातले वजनदार गृहस्थ, त्यांनी साफ नकार दिला. मुलगीही हट्टी. कायद्यानं स्वतःचा निर्णय घेता येईल तोवर, म्हणजे पंचवीस वर्षांची होईपर्यंत ती थांबली आणि मग लग्न केलं. पुढे चाळीसेक वर्षं तिनं त्याला वाचून दाखवलं, त्याचं लिहून घेतलं, त्याच्यासाठी बघितलं.

दुसरे डोळे घरातल्या नोकराचे. फ्रांस्वा ब्युर्नां हा खेड्यातून आलेला तरुण. ह्यूबर त्याला मोठ्यानं वाचायला लावायचा. वाचता वाचता हा पोरगा आपल्यापेक्षा बारकाईनं विचार करतो, हे मालकाच्या ध्यानात आलं. मग पेट्या उघडण्याचं काम त्याच्याकडे आलं. ह्यूबरनं पुस्तकाच्या पानांसारख्या उघडणाऱ्या चौकटींची पेटी बनवली होती, म्हणजे एकेक पोळं दोन्ही बाजूंनी बघता यायचं. कामकरी माश्यांतली कुणी अंडी घालते का, हे ठरवण्यासाठी ब्युर्नांनं दोन पेट्यांतली एकूण एक माशी हातात घेऊन तपासली. अकरा दिवस लागले. डंख किती बसले असतील, कल्पनाच करावी. १७९२ साली पुस्तक निघालं तेव्हा ह्यूबरनं हे श्रेय उघडपणे त्याच्या पदरात टाकलं. त्या काळी नोकराचं नाव असं कोण छापायचं?

दाराचा प्रश्न पुढचा. पेटीत हजारो जीव, फटी डिंकानं बुजवलेल्या, दार एकच आणि तेही खाली. एवढ्याशा जागेत हवा शुद्ध राहते कशी? ह्यूबरचा मित्र झां सेनेबिए हा धर्मोपदेशक, ग्रंथपाल आणि वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यासक. त्याच्या मदतीनं पेटीतली हवा तपासली, तर ती बाहेरच्या हवेइतकीच चांगली निघाली! मग पेटीचं दार घट्ट बंद करून पाहिलं. थोड्या वेळात आतली वस्ती अस्वस्थ झाली, मग माश्या निपचित पडू लागल्या. दार उघडून वारा दिल्यावर सावरल्या. म्हणजे हवा आत तयार होत नव्हती, दारातूनच येत होती.

पण एकाच छिद्रातून हवा आपोआप खेळते का? त्यानं काचेच्या भांड्यात मेणबत्ती ठेवली आणि पेटीच्या दारासारखं एकच भोक ठेवलं. मेणबत्ती विझली. तेच भांडं, तेच भोक, पण आत एक छोटा पंखा फिरवला, तर ज्योत जळत राहिली. मग पेटीत पंखा कोणता? दारात आणि आत रांगेनं उभ्या राहून पंख फडफडवणाऱ्या माश्या. त्यानं दारासमोर दोऱ्याला कागदाचे कपटे आणि पिसं टांगली. ती कधी आत ओढली जात, कधी बाहेर ढकलली जात. हे त्यानं इतरांच्या डोळ्यांनीच पाहिलं. पण कोणता कपटा कुठे टांगायचा, हे त्याच्या डोक्यातलं.

म्हणून मला वाटतं, दाराचं माप इतक्या इंच, इतक्या सेंटिमीटर असं सांगणाऱ्यांनी आधी त्या फटीत किती माश्या वारा घालतायत ते बघावं. माप त्यानंतर. आपल्याकडची सातेरी माशीसुद्धा हेच काम करते, फक्त तोंड बाहेर करून हवा आत लोटते. ह्यूबरच्या युरोपीय माश्या तोंड आत करून हवा बाहेर काढतात.

लहान दाराचा फायदा माश्यांनी स्वतःच दाखवला. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला मोठा पतंग रात्री पेट्यांत घुसून मध पीत होता. मेण आणि डिंक मिसळून माश्यांनी दारामागे भिंत उभारली आणि त्यांना स्वतःला जाता येईल एवढीच भोकं ठेवली. पतंगाचा धोका टळला आणि मधाचा हंगाम आला की त्याच माश्या ती भिंत पाडून टाकत. याबद्दल ह्यूबरनं १८०४ साली लिहिलं.

तोवर ब्युर्नां आपल्या गावी परतला होता. तिथे तो मानाच्या पदावर पोहोचला. उरलेलं काम बायकोनं आणि मुलगा पिएरनं पुढे नेलं. हा पिएर नंतर मुंग्यांच्या अभ्यासासाठी नावाजला गेला. १८१४ साली दोन खंडांची नवी आवृत्ती निघाली. हवेचे आणि पतंगाचे प्रयोग तिच्या दुसऱ्या खंडात आहेत. २२ डिसेंबर १८३१ रोजी लोझानला ह्यूबर वारला. ब्राझीलमधल्या झाडांच्या एका प्रजातीगटाला द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचं नाव दिलं: ह्यूबेरिया.