हर्बर्ट चॅपमन : पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची

लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर ‘आर्सेनल’ नावाचे एक स्टेशन आहे. एखाद्या फुटबॉल क्लबचे नाव सरळ स्टेशनला दिल्याचे लंडनच्या भुयारी रेल्वेत दुसरे उदाहरण नाही. फलाटाच्या भिंतीवरच्या फरशांवर मात्र ‘गिलेस्पी रोड’ हे जुने नाव अजून ठळक दिसते. ज्या मैदानासाठी हे नाव बदलले, ते हायबरीचे मैदान 2006 साली बंद झाले आणि क्लब जवळच्याच नव्या स्टेडियमवर गेला. तरीही दर ऑगस्टमध्ये, आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असतात त्या सुमारास, लाल-पांढऱ्या गळपट्ट्यांची गर्दी या स्टेशनच्या अरुंद बोगद्यातून वर येते. मागच्या हंगामाचे दुःख विसरलेले असते, नव्या हंगामाचा एकही गुण अजून गमावलेला नसतो. फुटबॉलवेड्या माणसाच्या वर्षातले सर्वांत सुखाचे दिवस हेच.

हे नाव 1932 साली ज्याने रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या मागे लागून बदलून घेतले, तो हर्बर्ट चॅपमन. नाव बदलायचे म्हणजे तिकिटे, नकाशे, पाट्या सगळेच बदलायचे. पण लंडनभर हिंडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांसमोर आपल्या क्लबचे नाव रोज यावे, हा हिशेब त्याने मांडला होता. हिशेबाला तो पक्का होता.

चॅपमनचा जन्म 19 जानेवारी 1878 रोजी यॉर्कशरमधल्या किव्हटन पार्क या कोळसा खाणीच्या गावी झाला. वडील खाणकामगार, अक्षरओळख नसलेले. मुलगा मात्र शेफील्डला जाऊन खाण-अभियांत्रिकी शिकला. खेळाडू म्हणून तो यथातथाच. धाकटा भाऊ हॅरी शेफील्ड वेन्सडेकडून साखळी विजेतेपदाची चव चाखत होता, तेव्हा हर्बर्ट या क्लबातून त्या क्लबात बिऱ्हाड हलवत होता. पायात पिवळ्या कातड्याचे बूट घालायचा, एवढीच काय ती त्याची मैदानावरची ओळख. 1907 साली नॉर्दॅम्प्टनच्या व्यवस्थापकाची जागा खरे तर त्याच्या एका सहकाऱ्यासाठी चालून आली होती. त्याने मन बदलले आणि चॅपमनचे नाव सुचवले. तळाशी गेलेला तो संघ 1909 मध्ये सदर्न लीगचा विजेता झाला.

मग आले लीड्स सिटी, आणि त्यापाठोपाठ बदनामी. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाहुण्या खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्याचा आरोप या क्लबवर झाला. हिशेबाच्या वह्या दाखवायला क्लबने नकार दिला. ऑक्टोबर 1919 मध्ये क्लबच बरखास्त करण्यात आला, खेळाडूंचा एका हॉटेलात जाहीर लिलाव झाला आणि चॅपमनसह पदाधिकाऱ्यांवर बंदी आली. त्याने सेल्बीच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तीही 1920 च्या अखेरीस सुटली. बेचाळीस वर्षांचा बेकार माणूस, त्यात कपाळी कलंक. पैशांचा तो व्यवहार झाला त्या काळात आपण बार्नबोच्या दारूगोळा कारखान्यात काम करत होतो, हा त्याचा युक्तिवाद शेवटी मान्य झाला आणि बंदी उठली. त्याला किती ठाऊक होते याचा निवाडा आज करणे कठीण. वह्या उघडल्याच गेल्या नाहीत.

हा युक्तिवाद मांडायला ज्या हडर्सफील्ड क्लबने मदत केली, त्याचे उपकार त्याने सव्याज फेडले. 1922 मध्ये एफए कप, 1924 आणि 1925 मध्ये लागोपाठ साखळी विजेतेपद. सलग तिसऱ्या वर्षी ते मिळवण्याचा पराक्रम तोवर इंग्लंडमध्ये कुणी केला नव्हता. हडर्सफील्डने तो 1926 मध्ये केला. पण तेव्हा चॅपमन तिथे नव्हता. 1925 च्या उन्हाळ्यात तो लंडनला निघून गेला होता.

वुलिचच्या शस्त्र कारखान्यातल्या कामगारांनी 1886 साली सुरू केलेला आर्सेनल क्लब तेव्हा पहिल्या विभागात जेमतेम तग धरून होता. क्लबचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी व्यवस्थापकासाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. खेळाडूंच्या खरेदीवर भरमसाट पैसा उधळून संघ बांधू पाहणाऱ्यांनी अर्जच करू नये, असा तिचा मथितार्थ होता. निवडला गेला चॅपमन, आणि पुढे तीनच वर्षांत त्याने डेव्हिड जॅकसाठी दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजून खरेदीचा विक्रमच केला! त्या वाटाघाटींच्या वेळी त्याने हॉटेलच्या वेटरला आधीच पढवून ठेवले होते, असे सांगतात: बोल्टनच्या मंडळींना दुप्पट दारू आणि आपल्या ग्लासात नुसते सोड्यासारखे पाणी. गोष्ट रंगवलेली असेल, पण माणूस तिच्यात नेमका सापडतो.

त्याचा पहिला हंगाम 29 ऑगस्ट 1925 रोजी सुरू झाला तो घरच्या मैदानावर, शेजारच्या टॉटनहॅमकडून हार खाऊन. त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला होता. चेंडू पुढे मिळणाऱ्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे तीन नव्हे, दोनच खेळाडू असले तरी चालणार होते. गोलांचा पाऊस पडू लागला. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलने आर्सेनलवर सात गोल चढवले. त्या रात्री चार्ली बकन या ज्येष्ठ खेळाडूने सुचवले, की मधल्या फळीतला मधला खेळाडू मागे घ्या आणि बचावाच्या मधोमध उभा करा. कल्पना बकनची, पण ती ऐकून घेण्याचे मोठेपण चॅपमनचे. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला चार गोलांनी हरवले. इंग्रजीतल्या डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखी ही मांडणी पुढे जगभर चालली. त्या हंगामात आर्सेनल दुसरे आले. पहिले अर्थात हडर्सफील्ड!

विजेतेपदाला त्यानंतरही वेळ लागला. आज दोन पराभव झाले की व्यवस्थापकाला काढा म्हणून ओरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: आर्सेनलला पहिले मोठे पारितोषिक मिळाले ते चॅपमनच्या पाचव्या हंगामाच्या अखेरीस, 26 एप्रिल 1930 रोजी. वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी पुन्हा हडर्सफील्डच होता. दोन्ही संघ चॅपमनच्या सन्मानार्थ जोडीने मैदानात उतरले. सामना चालू असताना ‘ग्राफ झेपेलिन’ हे प्रचंड जर्मन विमान-जहाज स्टेडियमवरून गेले. ॲलेक्स जेम्स आणि जॅक लॅम्बर्ट यांच्या गोलांनी आर्सेनल जिंकले. पुढच्याच हंगामात 127 गोल ठोकून साखळीही जिंकली. दक्षिण इंग्लंडच्या क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

उत्तरेकडच्या गिरणी-खाणींच्या गावांत तेव्हा मंदीने चुली विझत होत्या. लंडनचा हा पैसेवाला संघ तिथे कुणाला आवडणार? त्याचा नायक स्वतः खाणकामगाराचा मुलगा आहे, हे कोणाच्या लक्षात राहत नसे. जानेवारी 1933 मध्ये तिसऱ्या विभागातल्या वॉल्सॉलने आर्सेनलला एफए कपमधून बाहेर काढले, तेव्हा देशभर आनंदोत्सव झाला. चॅपमनने काय केले? पेनल्टी ओढवून घेणाऱ्या टॉमी ब्लॅकला काही दिवसांत विकून टाकले. खेळाडूंची काळजी वाहणारा हा माणूस असा निष्ठुरही होता. बाकावरून ओरडून सूचना देणाऱ्या जुन्या प्रशिक्षकाला त्याने पहिल्या संघापासून दूर केले. ती सूचना अचूक होती म्हणतात; पण अधिकार त्याचा नव्हता.

प्रेक्षकांशी मात्र त्याचे वागणे वेगळे होते. लांबच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला नीट दिसले पाहिजे, हा त्याचा ध्यास. म्हणून 1928 मध्ये त्याने खेळाडूंच्या पाठीवर आकडे लावले. लीगने मनाई केली. पंचेचाळीस मिनिटांचे मोठे घड्याळ लावले. एफएने हरकत घेतली, मग तिथे साधे घड्याळ आले. प्रकाशझोत बसवले; अधिकृत सामन्यांना परवानगी नाही. पांढरा चेंडू हवा म्हटले, युरोपातल्या क्लबांची आपापसांत स्पर्धा व्हावी म्हटले. ऑस्ट्रियाचा ह्यूगो माइस्ल त्याचा मित्र, त्यामुळे नजर समुद्रापलीकडे होती. इंग्लिश फुटबॉलच्या कारभाऱ्यांची नव्हती. मार्च 1933 मध्ये लाल सदऱ्याला पांढऱ्या बाह्या जोडल्या, त्याला मात्र कुणाची आडकाठी आली नाही. आज मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारी रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसणारी तरुण मुले तोच सदरा घालतात. त्यांतल्या किती जणांनी चॅपमनचे नाव ऐकले असेल?

1933 ची साखळी आर्सेनलने जिंकली आणि पुढच्या हंगामातही संघ आघाडीवर होता. 1934 च्या नववर्षाला चॅपमन उत्तरेत सामने पाहत हिंडत होता. किव्हटन पार्कला एक रात्र काढून, सर्दी घेऊन तो परतला. डॉक्टरांनी बजावले तरी तिसऱ्या फळीतल्या पोरांचा सामना बघायला गिल्डफर्डला गेलाच. न्यूमोनिया झाला. 6 जानेवारीच्या पहाटे हेंडनच्या घरी त्याचे निधन झाले. छप्पन्नावा वाढदिवस तेरा दिवसांवर होता. त्याच दुपारी हायबरीवर सामना होता. मैदानाकडे निघालेल्या कित्येकांना बातमी वाटेतच कळली. आर्सेनलने शेफील्ड वेन्सडेशी 1-1 अशी बरोबरी केली.

1934 आणि 1935 च्या साखळ्याही आर्सेनलने जिंकल्या. लागोपाठ तीन. हा पराक्रम इंग्लंडमध्ये दुसऱ्यांदाच घडला, दोन्ही वेळा संघ चॅपमनने बांधलेला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या वर्षी तो जागेवर नव्हता. क्लबांची युरोपीय स्पर्धा 1955 मध्ये सुरू झाली. साखळीतला पहिला सामना प्रकाशझोतात 1956 मध्ये झाला. पाठीवरचे आकडे त्यांच्या आधी, 1939 च्या उन्हाळ्यात मंजूर झाले. ऑगस्टच्या अखेरीस आकडे लावलेले संघ मैदानात उतरले, प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेवरच्या नावांशी ते जुळवू लागले. जेमतेम तीन सामने झाले, आणि 3 सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले. तो हंगाम तिथेच रद्द करण्यात आला.