रमाबाई रानडे : सेवेलाही नियम हवेत

रमाबाई रानडे म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना २०१२ साली टीव्हीवर लागलेली 'उंच माझा झोका' ही मालिका आठवते. छोटी यमुना, हातातली पाटी, घरातल्या बायकांचा विरोध आणि शिकवणारे न्यायमूर्ती. आमच्या घरी तर मालिका सुरू झाली की आई तवा खाली उतरवून समोर येऊन बसायची. पण रमाबाईंचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम न्यायमूर्ती गेल्यानंतरचं आहे. आणि त्या कामाचा संबंध आपल्या नांदेड-लातूरशी रोजचा आहे. ते काम म्हणजे नर्सिंग.

आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याच्या नात्यागोत्यात एकही मुलगी एएनएम किंवा जीएनएम करत नाही, असा मुलगा शोधून काढावा लागेल. कुणाची बहीण, कुणाची चुलती, कुणाच्या गावची मैत्रीण. घरून फोन आला की आपण विचारतो, ड्युटी कशी चाललीय? एवढ्या सहज विचारतो, की कधीकाळी चांगल्या घरची बाई नर्स होते हे ऐकून लोक तोंड फिरवायचे, हे खरंच वाटत नाही. ते बदलायला कुणीतरी झटलं होतं. म्हणून हा लेख.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे इथला, कुर्लेकरांच्या घरातला. १८७३ मध्ये त्यांचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. नवरी ११ वर्षांची, नवरदेव तिशी ओलांडलेला आणि पहिली बायको नुकतीच वारलेली. रानडे सुधारकांचे पुढारी. त्यांनी विधवेशी लग्न करावं अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही आणि लोकांनी त्यांना पुष्कळ बोल लावले. ज्या मुलीमुळे हे बोल लागले, त्या मुलीला मात्र अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी तिला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी.

दिवसभर घरातल्या बायकांचे टोमणे आणि रात्री अभ्यास, असं हे शिक्षण चाललं. या घरात नियमांचा कागद कुठे लावलेला नव्हता, पण नियम होते आणि मोडले की शिक्षाही होती. कुणी बोलायचं नाही, कुणी कामाला हात लावू द्यायचा नाही. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून सभा झाली, तेव्हा रमाबाईंनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं. पुढे १८८४ मध्ये ती शाळा सुरूही झाली, तीच हुजूरपागा. पण त्या वाचनाबद्दल घरात त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं, त्याची आठवण त्यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे ते पुस्तक, १९१० चं. आपल्या लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. भाषा घरगुती आहे, जड नाही.

दरम्यान १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. आपल्या रमाबाई तिथे जायला लागल्या. घरी पुन्हा बोलणी. मला या काळाचं महत्त्व वेगळ्या कारणाने वाटतं. चारचौघांसमोर काही नवं केलं की पाठीमागे कोण उभं राहतं आणि कोण राहत नाही, याचा अनुभव त्यांना इथे मिळाला. तो पुढे कामाला आला.

१६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतच होत्या. त्या पुण्यातल्या घरी येऊन राहिल्या आणि जवळपास वर्षभर त्यांनी सार्वजनिक कामातून अंग काढून घेतलं. त्यानंतर जे सुरू केलं ते अगदी साधं होतं. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन कैदी बायकांशी बोलायचं. दवाखान्यात जाऊन रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं द्यायची, जवळ बसून चौकशी करायची. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष त्या झाल्या. १९०८ मध्ये मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, त्याच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. पुढच्या वर्षी, १९०९ मध्ये, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन सुरू झालं ते त्यांच्या राहत्या घरात.

सेवासदनात काय शिकवायचे? लिहिणं-वाचणं, शिवण, मास्तरीण होण्यासाठीचं शिक्षण, आणि ससून हॉस्पिटलच्या मदतीने नर्सिंग. येणाऱ्या पुष्कळशा बायका विधवा होत्या. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, आणि मग आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीपुढे राबणं. अशा बाईला हातात हुन्नर द्यायचा आणि तिच्या पोटाची सोय तिची तिला करता यावी, हा संस्थेचा हेतू.

यात सगळ्यात अवघड नर्सिंग होतं. शिवण घरात बसून करता येतं. शाळेत शिकवणं हेही एक वेळ लोकांच्या गळी उतरत होतं. पण नर्स म्हणजे रात्री घराबाहेर. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा. रक्त, पू, बेडपॅन. शिवाय कोणत्या जातीचा रुग्ण आहे हे विचारायची सोय नाही. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या घरच्यांनीही ती नर्स होणार म्हटल्यावर कडाडून विरोध केला होता. तिने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शाळा काढली. (आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांसाठी सांगायचं तर ही तीच नाइटिंगेल, जिने सैनिकांच्या मृत्यूचे आकडे चाकासारख्या आलेखात मांडून सरकारला गप्प केलं.) तिथेही नुसत्या शिकवण्याने भागलं नाही. मुलींनी राहायचं कुठे, देखरेख कुणाची, खाण्यापिण्याचं काय, हे सगळं आधी ठरवावं लागलं. एवढं ठरल्यावरच आईबापांनी मुली पाठवल्या.

सेवासदनातही तेच झालं. शिकायला येणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह, लक्ष ठेवायला जबाबदार माणूस, आणि संस्थेची धुरा स्वतः रमाबाईंकडे. पुण्यासारख्या शहरात त्यांच्या नावाला मान होता. आपली मुलगी रमाबाईंच्या संस्थेत आहे, असं सांगता येणं हे त्या काळी मोठं संरक्षण होतं. सेवासदनाच्या वतीने तयार झालेली पहिली नर्स ही एका सनातनी घरातली बालविधवा होती.

आता तो प्रसंग सांगतो, ज्याच्यासाठी मी हा विषय निवडला. सेवासदनाचा वार्षिक समारंभ होता. बक्षीस घ्यायला एक विधवा स्टेजवर आली. अंगावर विधवेचं लुगडं, केशवपन केलेल्या डोक्यावरून पदर, अंगावर एकही दागिना नाही. प्रेक्षकांमध्ये कॉलेजची पोरं होती. त्यांनी तिची टिंगल केली. कशी केली असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आपलं गॅदरिंग आणि मागच्या रांगा आठवा. मागच्या रांगेतल्या पोराला वाटतं, आपण एकटे कुठे ओरडतोय, सगळेच ओरडताहेत.

रमाबाईंना हे फार लागलं. शेवटी बोलायला उठल्या तेव्हा त्यांनी त्या पोरांना चांगलंच झापलं. तुम्ही स्वतःला शिकलेले कसे म्हणवता, असं विचारलं. दुष्ट रूढीचा बळी असलेल्या बाईची चेष्टा करता, पण तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात जवळची नाहीतर लांबची अशी एखादी विधवा आहेच, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. टिंगल करणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

मी या प्रसंगाचा बराच विचार केला. रमाबाईंना दुसरे सोपे मार्ग होते. पुढच्या वर्षी त्या बाईला स्टेजवर बोलवायचं नाही, बक्षीस ऑफिसात द्यायचं. किंवा तिलाच सांगायचं की बाई, जरा नीट कपडे करून येत जा. किंवा पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून गप्प बसायचं. त्यांनी यातलं काही केलं नाही. आपल्या संस्थेच्या माणसाचा चारचौघांत अपमान झाला तर चारचौघांतच संस्थेने उत्तर द्यायचं, आणि तेही अध्यक्षांनी. माझ्या मते आरोग्याचं शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेचा हा पहिला नियम असायला हवा.

हे मी आज का लिहितोय? माझी मावसबहीण लातूरच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर आहे. तिला नेमणुकीबरोबर नियम व अटींचा कागद मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत मी तो वाचला. साडेनऊला थंब, तीन लेट मार्कला अर्धी रजा, एप्रन आणि आयकार्ड सक्तीचं, वॉर्डात मोबाइल बंद, क्लिनिकल पोस्टिंगला विद्यार्थिनींबरोबर पूर्ण वेळ थांबायचं, परीक्षेच्या काळात रजा नाही, नोकरी सोडायची तर महिनाभर आधी लेखी कळवायचं. मला वाटलं, ताई यावर वैतागलेली असेल. तसं नव्हतं. तिचं म्हणणं असं पडलं की यातले बहुतेक नियम बरोबरच आहेत. ट्यूटरच्या हातात मोबाइल दिसला की पोरींच्या हातात दिसणारच, आणि मग सलाईन संपलेलं कुणाला दिसणार? वेळेवर न आल्याने लेक्चर बुडालं तर भरून काढता येतं, वॉर्डातलं इंजेक्शन चुकलं तर नाही.

तिची अडचण कागदावर नसलेल्या गोष्टींची होती. पेशंटचा नातेवाईक शिकाऊ मुलीच्या अंगावर धावून आला तर पुढे कोण येणार? रात्रपाळीहून मुली हॉस्टेलला कशा पोहोचणार? एका ट्यूटरमागे किती मुली? भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष एका शिक्षकामागे १० विद्यार्थी असा आहे. ताईकडे त्याहून कितीतरी जास्त आहेत. दोन पानांच्या त्या कागदावर कर्मचाऱ्यांनी काय करायचं याचे २२ मुद्दे होते. संस्था काय करणार, याचा मुद्दा मला एकच सापडला : पगार महिन्याच्या दहा तारखेपर्यंत.

आणि काही मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं. हे सेवेचं क्षेत्र आहे, इथे तास मोजायचे नसतात. मला हे ऐकून रमाबाई आठवल्या. सेवा हा शब्द त्यांच्या संस्थेच्या नावातच होता. पण त्यांनी सेवेच्या नावाखाली विधवांना फुकट राबवलं नाही. फुकट राबणं तर त्यांना घरी होतंच की! त्यातून बाहेर काढायलाच संस्था निघाली होती. अध्यक्षांनी स्वतः सेवा केली आणि शिकणाऱ्या बाईला पोटापाण्याचं साधन दिलं. आज अनेक ठिकाणी हे उलटं झालंय.

२०२३ च्या ऑक्टोबरमधली नांदेडची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आपल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. देशभर बातमी झाली. लोकांचा संताप खरा होता. त्यानंतर एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. स्वच्छता व्हायलाच हवी, आणि ते काम कमी प्रतीचं नाही. पण कॅमेऱ्यासमोर कुणाच्या हातात ब्रश दिल्याने एकही रिकामी जागा भरत नाही. वॉर्डात रात्री किती नर्स होत्या, एका नर्सकडे किती बाळं होती, हा प्रश्न त्या व्हिडिओत कुठेच नव्हता.

कायदे आता पुष्कळ आहेत, जे रमाबाईंच्या काळी नव्हते. भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा १९४७ चा. दवाखान्यात कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१० मध्ये आला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर त्या समितीची नावं कुठे लावलीत ते एकदा बघून ठेवा. कायदा आहे आणि नोटीसही आहे, पण वेळ आली की उठून बोलणारा माणूस लागतोच.

सेवासदनाची गोष्ट पुण्याची आहे आणि तिथे ससून होतं, इंग्रजांचं राज्य होतं, शिकलेली घरं होती, हेही खरं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्या राज्यात होतो. म्हणून इथे सगळं उशिरा आलं. पण आज लातूर-नांदेडच्या नर्सिंग स्कूलमध्ये येणाऱ्या मुली वाड्या-तांड्यांवरून, दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरांतून येतात. पगाराच्या पहिल्या महिन्यापासून त्यांच्यावर घर चालतं. रमाबाईंना जे हवं होतं, ते या मुली करून दाखवताहेत.

रमाबाई शेवटपर्यंत कामात होत्या. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झालेल्या चळवळींत त्या पुढे होत्या. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतही आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या आळंदीला जायच्या, वारीतल्या बायकांची देखभाल करायला. १९२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजारावर बायका-मुली शिकत होत्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

१२ मेला जागतिक परिचारिका दिन असतो. त्या दिवशी आपल्या मोबाइलवर पांढऱ्या टोपीचे आणि मेणबत्तीचे फोटो फिरतात. फोटो जरूर पाठवा. पण घरातल्या नर्सला त्या दिवशी एवढंही विचारा, की तुझ्या वॉर्डात आज किती पेशंट आहेत आणि तुम्ही किती जणी आहात. ती जे सांगेल ते पुरतं ऐकून घ्या.