वर्ध्याचा पांडुरंग आणि मेक्सिकोचा मका

(द्वितीय वर्ष, कला)

आजोबांच्या काळी आमच्या खराडीत मुळा-मुठेच्या कडेने ज्वारी उभी असे. आमची स्वतःची जमीन नव्हती. आजोबा दुसऱ्याचे रान वाट्याने करीत. १९९७ साली गाव पुणे महापालिकेत आले आणि पुढे त्या रानांत संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्या रानात वडिलांनी लहानपणी पाखरे राखली, तिथल्याच एका इमारतीच्या फाटकावर ते आज पहारेकरी आहेत. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहायचे आणि मगच आत सोडायचे, हे त्यांचे काम. ओळखपत्र विसरला तर मोठा साहेबही दारात खोळंबतो, असे ते जेवताना हसत सांगतात.

गावठाणातल्या आमच्या घराची एक खोली आम्ही भाड्याने देतो. तिथे वर्ध्याकडचे एक इंजिनियर दादा राहतात. त्यांचे अमेरिकेला जायचे जवळजवळ ठरले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी बसवली आणि दादांचे जाणे राहिले. त्या संध्याकाळी ते ओट्यावर बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले की, आमच्या वर्ध्याचा एक माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी खिशात पैसा नसताना अमेरिकेला गेला होता. त्याचे नाव पांडुरंग खानखोजे. मला ते नाव ठाऊक नव्हते, याची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयातून वीणा गवाणकर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र घरी आणले.

खानखोज्यांचा जन्म १८८४ चा. वडील वर्ध्याला अर्ज लिहून देण्याचे काम करीत. शाळकरी वयातच पांडुरंगाच्या मनाने टिळकांचे विचार घेतले, आणि इंग्रजांना घालवायचे तर युद्धविद्या शिकली पाहिजे हे त्याच्या मनाने घेतले. १९०६ च्या सुमारास त्याने देश सोडला. जपानमार्गे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. मोलमजुरी करून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे, असा क्रम सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी विद्यालयात त्याने शिक्षण घेतले. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. आपल्या देशातला दुष्काळ त्याला विसरता येत नव्हता. म्हणून तो शेतकीशास्त्राकडे वळला आणि वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयातून पदवीधर झाला. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बियाणे, अशी ही विलक्षण जोडी होती!

त्या काळी लाकडाच्या गिरण्यांत पंजाबचे शेकडो मजूर राबत होते. स्वस्तात राबतात म्हणून गोऱ्या कामगारांचा त्यांच्यावर राग होता. १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात जमावाने हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले. या मजुरांच्या वतीने बोलायला स्वतःचे सरकार नव्हते. स्वातंत्र्याशिवाय परदेशातही मान नाही, हे त्यांना तेव्हा उमगले. त्यातूनच १९१३ मध्ये गदर पक्ष जन्मला. सोहनसिंग भकना आणि लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजे त्याच्या संस्थापकांत होते.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. तो बेत फसला. इकडे १९१७ मध्ये अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना दार लावले. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाही, असा निकाल दिला. मायदेशी परतावे तर तिथे इंग्रज सरकार राजद्रोही म्हणून टपलेले. पदवी होती, ज्ञान होते. पण उभे राहायला भूमी नव्हती.

ती मेक्सिकोने दिली. १९२४ मध्ये खानखोजे तिथे पोहोचले. देश नुकताच क्रांतीतून बाहेर पडला होता आणि गरीब शेतकऱ्याला शहाणे करणारी माणसे त्याला हवी होती. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका हे तिथले मुख्य अन्न. तेओसिंते हा मक्याचा रानटी सोयरा. त्याच्याशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले. थंडीत आणि अवर्षणात टिकणाऱ्या वाणांसाठी ते झटले. एवढ्याने समाधान न होऊन खेड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत कृषिशाळा काढल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे मित्र होते. त्यांनी आपल्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटणाऱ्या माणसाला खानखोज्यांचा चेहरा दिला. १९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन युवतीशी विवाह केला.

याच चापिंगोच्या परिसरात १९४४ नंतर नॉर्मन बोरलॉग यांच्या गव्हावरच्या संशोधनाला जोर आला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. ते वाण खानखोज्यांचे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु आपला बीजशास्त्रज्ञ परदेशात ठेवून आपण बियाण्यासाठी त्याच देशाच्या दारी गेलो, हे मनाला लागल्यावाचून राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना मायदेशी बोलावणे आले. १९५५ च्या सुमारास ते नागपूरला कायमचे राहायला आले. मेक्सिकोत ज्याने शाळा उभ्या केल्या, त्याच्याजोगे मोठे काम इथे त्यांच्या हाती आले नाही. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

देश कशाने पुढे जातो, असे परीक्षेत विचारतात आणि आम्ही खनिजे, कारखाने, भांडवल अशी उत्तरे लिहितो. खानखोज्यांचे चरित्र वाचल्यावर त्यात एक भर घालावीशी वाटते. माणूस दारात आल्यावर त्याला काय येते हे जो देश विचारतो, तो पुढे जातो. जो केवळ कागद पाहतो, तो आपलेच नुकसान करतो. मेक्सिकोने विचारले, त्यांच्या रानात मका पिकला. अमेरिकेवर रागावण्याआधी, दादांसारख्या माणसांना इथे जोगे काम मिळते का, हेही आपण स्वतःला विचारायला हवे.

ही सारी हकिकत मी वडिलांना सांगितली. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. मक्याचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग बूट चढवता चढवता त्यांनी एवढेच विचारले, की शेवटी त्या माणसाला आपल्या घरात घेतले का. मी म्हटले, घेतले, पण तेव्हा वयाची चौसष्टी उलटली होती. ते काही बोलले नाहीत. काठी उचलून रात्रपाळीला, फाटकाकडे निघून गेले.