मॅकिंटॉशचा रेनकोट

सुरुवातीलाच माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर असतात. संपादक मंडळाने त्या काढल्या असतील अशी आशा आहे. राहिल्या असतील तर लेखाचा विषय ओला आहे, तेव्हा शाई पसरली असं समजा.

माझं गाव मोरगाव. गाव म्हटलं की सगळ्यांना मयूरेश्वर आठवतो, आम्हाला मात्र कोरडी कऱ्हा आठवते. आमचा भाग पर्जन्यछायेतला. ढग डोक्यावरून जातात, पण बरसतात दुसरीकडेच. त्यामुळे घरात रेनकोट नावाची वस्तू कधी नव्हती. आमचे आबा अजून पावसात घोंगड्याची खोळ करून रानात जातात. मी इंजिनिअरिंगला आले, होस्टेलच्या मुलींबरोबर जुलैमध्ये राजगडला जायचं ठरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वॉटरप्रूफ जॅकेट विकत घेतलं. लेबलवर वॉटरप्रूफ असं ठळक छापलं होतं. गुंजवण्याहून चढायला लागलो आणि अर्ध्या तासात माझे दोन्ही खांदे भिजले. वर पोचेपर्यंत आतला टी-शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सगळी चूक कंपनीचीच होती का ते मलाही माहीत नाही.

आता इंजिनिअरिंगची मुलगी गप्प कशी बसणार? कापड किती पाणी अडवतं ते मोजायची एक साधी पद्धत आहे. कापड ताणून बसवायचं, त्याच्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवायचा आणि तीन ठिकाणी थेंब दिसले की दाब वाचायचा. याला हायड्रोस्टॅटिक हेड म्हणतात आणि तो पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, मिलिमीटरमध्ये सांगतात. आम्ही लेडीज होस्टेलच्या बाथरूममध्ये १ मीटरचा पीव्हीसी पाईप उभा धरला, खालच्या तोंडाला जॅकेटचं कापड क्लिपने आवळलं आणि वरून मगाने पाणी ओतलं. पाईप पूर्ण भरला, म्हणजे १००० मिमी झाले, तरी एक थेंब आला नाही. मग खांद्याची शिवण पाईपच्या तोंडावर घेतली. वीतभर पाणी चढलं नाही तोच टपटप सुरू झाली. कापड पास, शिवण नापास!

याचं कारण शोधता शोधता लायब्ररीत मला जो माणूस भेटला त्याच्याबद्दल हा लेख आहे. त्याचं आडनाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल, बहुतेक हॉस्पिटलमध्ये. पेशंटच्या खाली जो रबरी कपडा घालतात त्याला सिस्टर मॅकिंटॉश म्हणतात. तर हा मॅकिंटॉश खरोखरचा माणूस होता.

चार्ल्स मॅकिंटॉशचा जन्म २९ डिसेंबर १७६६ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात झाला. वडील जॉर्ज मॅकिंटॉश रंगाचे कारखानदार होते. त्यांचा एक जांभळा रंग होता, कडबेअर नावाचा. तो लायकेनपासून बनायचा. लायकेन म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीची गोष्ट. तिच्यातून रंग काढायला अमोनिया लागतो आणि त्या काळी अमोनियाचा सर्वात स्वस्त स्रोत होता लघवी. जॉर्जरावांची माणसं शहरातल्या घराघरातून ती गोळा करायची! कारखान्याभोवती उंच भिंत होती. आत कामाला ठेवलेले लोक स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, गेलिक बोलणारे होते, म्हणजे गुपित बाहेर कोणाला सांगायची सोयच नको. चार्ल्सचं बालपण या वासात गेलं.

मुलाला मात्र आधी हिशेबाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटवलं. तो नोकरी करायचा आणि रिकाम्या वेळात केमिस्ट्रीची लेक्चर्स ऐकायला जायचा. एडिंबरोला जोसेफ ब्लॅक शिकवत असत, त्यांचीही लेक्चर्स त्याने ऐकली. लेटंट हीटवाले ब्लॅक ते हेच. विशी पूर्ण व्हायच्या आत त्याने नोकरी सोडली आणि १७८६ मध्ये नवसागर बनवायला सुरुवात केली. म्हणजे माझ्या वयाचा असताना त्याचं स्वतःचं युनिट होतं आणि माझं अजून मॅथ्स थ्री राहिलेलं आहे. असो.

पुढची तीसेक वर्षं तो रेनकोटच्या जवळपासही नव्हता. रंगाऱ्यांना लागणारी रसायनं बनवणं हा त्याचा धंदा. १७९७ मध्ये त्याने हर्लेट इथे स्कॉटलंडमधला पहिला तुरटीचा कारखाना काढला. चार्ल्स टेनंट नावाच्या मित्राबरोबर तो ब्लीचिंग पावडरच्या धंद्यात होता. कोरड्या पावडरीचं पेटंट १७९९ मध्ये टेनंटच्या नावावर झालं, पण खरी कल्पना मॅकिंटॉशची होती असं बऱ्याच जणांचं मत आहे. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतात ती याच कुळातली. आधी क्लोरीनचं पाणी नाहीतर उन्हात महिनोन् महिने कापड पसरून ठेवणं एवढेच पर्याय होते. पोत्यात भरून नेता येणारी पावडर मिळाल्यावर कापडधंद्याचा वेगच बदलला. माझ्या मते हे काम रेनकोटपेक्षा मोठं आहे. पण लोकांना पावडर कोणी केली ते आठवत नाही, कोट आठवतो.

कोटाकडे तो आला तेही लघवीच्या वाटेने. हसू नका, खरंच. १८१९ पर्यंत ग्लासगोत दिव्यांसाठी कोळशाचा गॅस तयार व्हायला लागला होता. बंद भांड्यात कोळसा तापवला की गॅस निघतो, आणि मागे उरतं अमोनियाचं पाणी आणि काळं चिकट डांबर. गॅस कंपनीला या घाणीचं काय करायचं हा प्रश्न पडला होता. मॅकिंटॉशला रंगासाठी अमोनिया हवाच होता, म्हणून त्याने सगळं उरलेलं उचलायचं कंत्राट घेतलं. अमोनिया काढून घेतला, पण डांबर गळ्यात पडलं. मग त्याने डांबराचं डिस्टिलेशन केलं, तेव्हा एक उडणारं पातळ तेल हातात आलं, ते नॅफ्था. आता नॅफ्थाचं काय करायचं? त्यात रबर विरघळतं, असं उत्तर सापडलं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या गोष्टीत एक विद्यार्थी आहे. जेम्स साइम हा मुलगा एडिंबरोला केमिस्ट्री शिकत होता. १८१८ मध्ये, अवघ्या १८ व्या वर्षी, कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रवात रबर विरघळतं हे त्याने शोधून काढलं आणि त्या द्रावणाने कापडावर पाणी ठरत नाही हेही दाखवलं. त्याचा लेख त्याच वर्षी छापून आला. त्याने पेटंट घेतलं नाही, तो सर्जरीकडे वळला आणि त्यात प्रचंड नाव कमावलं. घोट्याजवळ पाय कापण्याच्या एका ऑपरेशनला आजही त्याचंच नाव आहे. मॅकिंटॉशने पेटंट घेतलं ते १७ जून १८२३ ला, म्हणजे साइमच्या लेखानंतर पाच वर्षांनी.

मग मॅकिंटॉश चोर का? आमच्या रूममध्ये यावर रात्री दीड वाजेपर्यंत वाद झाला. माझी रूममेट म्हणते, चोरच. मला तसं वाटत नाही. रबराचं द्रावण कापडाला फासलं तर वरून चिकट राहतं, ते अंगाला लागतं, धूळ धरतं, कोणी घालणार नाही. मॅकिंटॉशने दोन कापडं घेतली, एकेका बाजूला द्रावण फासलं आणि ओल्या बाजू समोरासमोर ठेवून दाबल्या. रबर मधे, कापड दोन्हीकडे. पेटंट या सँडविचचं आहे. १८३६ मध्ये हे पेटंट कोर्टात गेलं आणि निकाल मॅकिंटॉशच्या बाजूने लागला. साइमचा शोध साइमचाच, पण तो अंगावर घालता येईल असा मॅकिंटॉशने केला, असं मी म्हणते. रूममेटला अजून पटलेलं नाही.

पेटंट घेतलं तेव्हा तो ५६ वर्षांचा होता. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, तोही त्याच्या केमिस्ट्रीच्या कामासाठी. मँचेस्टरच्या बर्ली बंधूंबरोबर त्याने तिथे कापडाचा कारखाना सुरू केला.

पहिली मोठी परीक्षा मात्र मँचेस्टरच्या पावसात झाली नाही. जॉन फ्रँकलिन हा आर्क्टिकचा नकाशा करणारा नौदल अधिकारी. १८२१ मध्ये पहिल्या मोहिमेवरून परतताना होडी नसल्यामुळे त्याची माणसं एका नदीकाठी दिवसचे दिवस अडकली आणि पुढे उपासमारीने कित्येक जण मेले. म्हणून १८२५ च्या दुसऱ्या मोहिमेला त्याने एक घडीची होडी नेली. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर मॅकिंटॉशच्या कापडाचं आवरण. वजन सुमारे ४० किलो, जोडायला वीस मिनिटंसुद्धा लागत नसत. नाव ठेवलं अक्रोडाचं टरफल. माणसांसाठी मॅकिंटॉशचे वॉटरप्रूफ कपडेही बरोबर होते. माझं जॅकेट टपकलं तर मला फक्त सर्दी झाली, तिथे कापड टपकलं असतं तर माणूस नदीच्या अलीकडेच राहिला असता.

आणि शहरात? शहरात बोंब झाली. रबर थंडीत पत्र्यासारखं ताठ व्हायचं आणि उन्हाळ्यात पाघळून चिकट व्हायचं. वास भयंकर. घाम बाहेर पडायला जागा नाही, त्यामुळे माणूस आतून भिजायचा. लोकरीच्या कापडातल्या नैसर्गिक तेलाने मधलं रबर खराब व्हायचं. हे वाचलं आणि मला एकदम आबांचं घोंगडं आठवलं. लोकरीचा तेलकटपणाच घोंगड्यावरचं पाणी घसरवतो, आणि तोच तेलकटपणा मॅकिंटॉशच्या रबराचा शत्रू! आबांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले, जणू घोंगड्याने मॅच जिंकली.

सगळ्यात मोठं दुखणं होतं शिंप्यांचं. मॅकिंटॉश कापड विकायचा, कोट शिंपी शिवायचे. सुई जिथे जिथे जाईल तिथे तिथे भोक, आणि भोकातून पाणी आत. गिऱ्हाईक शिंप्याला शिव्या देण्याऐवजी मॅकिंटॉशला द्यायचं. शेवटी कंपनीला स्वतः कोट शिवून, शिवणीवर रबर फासून विकायची पाळी आली. म्हणजे १८२० च्या दशकातलं गाऱ्हाणं आणि राजगडावरचं माझं गाऱ्हाणं एकच. आज चांगल्या जॅकेटच्या शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असते. माझ्या जॅकेटला ती नव्हती. हे मी दुकानातच उलटं करून बघायला हवं होतं.

रबर सुधारायचं काम लंडनच्या थॉमस हॅनकॉकने केलं. त्याने १८२० मध्ये रबराचे तुकडे चावून एकजीव करणारं काटेरी रोलरचं मशीन बनवलं होतं. ते गुप्त राहावं म्हणून त्याने मशीनचं नाव ठेवलं पिकल, म्हणजे लोणचं! १८२५ मध्ये त्याने मॅकिंटॉशकडून परवाना घेतला आणि पुढे तो कंपनीत भागीदारच झाला. चांगलं चावलेलं रबर कमी नॅफ्थात विरघळायचं, म्हणून वासही थोडा कमी झाला. पण ताठ होणं आणि पाघळणं काही जाईना. त्याचं कारण आपल्याला आज माहीत आहे. कच्च्या रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांना बांधलेले नसतात. गंधक घालून तापवलं की त्यांच्यामध्ये पूल तयार होतात. याला व्हल्कनायझेशन म्हणतात.

मॅकिंटॉश या काळात नुसता रेनकोटवर बसून नव्हता. लोखंडाच्या भट्टीत गार हवेऐवजी तापवलेली हवा सोडायची नीलसनची युक्ती १८२८ ची, त्या पेटंटमध्येही याचा हिस्सा होता. मेकॅनिकलवाल्यांनी हॉट ब्लास्ट वाचलेलं असेलच.

२५ जुलै १८४३ ला, ७६ व्या वर्षी, ग्लासगोजवळच्या डनचॅटन इथल्या घरी मॅकिंटॉश वारला. हॅनकॉकने व्हल्कनायझेशनच्या पेटंटचा अर्ज केला २१ नोव्हेंबर १८४३ ला. चार महिने! अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला हे आधीच, १८३९ मध्ये सापडलं होतं आणि त्याचं पेटंट १८४४ चं. पुढे या दोघांच्या वादात वकिलांची चंगळ झाली. पण वीस वर्षं ज्याने लोकांच्या तक्रारी ऐकल्या त्याला न पाघळणारा कोट बघायला मिळाला नाही. गंमत म्हणजे इंग्रजीत कोटाला नाव पडलं त्याचंच, तेही स्पेलिंगमध्ये एक जास्तीचं के घुसवून.

माझ्या जॅकेटचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सुट्टीत मोरगावला गेले तेव्हा स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या काकांकडून सोल्युशनची ट्यूब आणली. ते सोल्युशन म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रवात विरघळवलेलं रबर, साइम आणि मॅकिंटॉशच्या द्रावणाचा वंशजच. दोन्ही खांद्यांच्या शिवणीवर आतून दोन हात दिले आणि ओसरीवर रात्रभर वाळत टाकलं. होस्टेलवर येऊन पुन्हा पाईप लावला. या वेळी ६२० मिमीपर्यंत थेंब नाही. खांदे जरा कडक झालेत आणि वास येतो. आबा म्हणाले की घोंगड्याला मेंढीचा येतो, याला सायकलच्या दुकानाचा.