गिटारची गुरगुर थांबवणारे सेथ लव्हर: हमबकर पिकअपची गोष्ट

यवतमाळच्या दुर्गोत्सवात मंडपातला ऑर्केस्ट्रा जवळून ऐकला असेल, तर एक आवाज तुमच्या ओळखीचा असणार. गिटारवाला अँप चालू करतो आणि पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून घुंऽऽऽ अशी गुरगुर येते. आजूबाजूला रोषणाई, डिमर, मोठमोठे ट्रान्सफॉर्मर. मग तो बिचारा गिटार घेऊन जागच्या जागी फिरतो आणि गुरगुर कमी होईल त्या कोनात तोंड करून उभा राहतो, मग भले प्रेक्षकांकडे पाठ होवो.

ही गुरगुर आपल्याकडे ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० हर्ट्झची. तिच्यावर गिटारच्या आतच उपाय शोधणाऱ्या माणसाचं नाव सेथ लव्हर. इंग्रजी स्पेलिंग बघितलं तर आपण सरळ ‘सेठ’ वाचू. पण ते सेठ कधीच नव्हते, आयुष्यभर पगारी इंजिनिअर होते.

लव्हर यांचा जन्म १ जानेवारी १९१० चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलामाझू गावचा. गिब्सन ही गिटार कंपनी याच गावातली. तरुणपणी लव्हर यांनी लष्करात नोकरी केली, रेडिओ दुरुस्त केले. १९४१ मध्ये ते गिब्सनमध्ये लागले. दुसऱ्या महायुद्धात नौदलात इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलं आणि १९५२ पासून गिब्सनमध्ये पक्के झाले. तिथे त्यांचं मुख्य काम अँप्लिफायरचं, आणि हीच गोष्ट पुढे कामी आली.

आता पिकअप म्हणजे काय ते बघू. चुंबकावर बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजे एक कॉइल. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये छोटा व्होल्टेज तयार होतो. तोच आपला सिग्नल. अडचण अशी की कॉइल भेदभाव करत नाही. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रसुद्धा ती तेवढ्याच इमानदारीने पकडते.

गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांना गुरगुर न करणारा पिकअप हवा होता. लव्हर यांनी अँप्लिफायरमध्ये गुरगुर मारणारा चोक वापरलेला होता. जुन्या ट्यूबलाइटमध्ये असतो तो चोक तुम्हाला माहीत असेल, त्याच जातीतली ही वस्तू. गुरगुर मारणारा चोक होऊ शकतो तर तसा पिकअप का नाही, असा त्यांचा विचार. १९५५ मध्ये त्यांनी शेजारी-शेजारी दोन कॉइल बसवल्या. दोघींचे चुंबकीय ध्रुव उलटे, आणि जोडणीही उलटी.

हे गणित कोडच्या एका ओळीइतकं सोपं आहे. पहिली कॉइल देते: सिग्नल + गुरगुर. दुसरीचा ध्रुव उलटा, म्हणून ती देते: −सिग्नल + गुरगुर. जोडणी उलटी केली की दुसरीचं होतं: सिग्नल − गुरगुर. बेरीज करा. गुरगुर शून्य, सिग्नल दुप्पट. गुरगुरीला इंग्रजीत हम म्हणतात, म्हणून नाव पडलं हमबकर.

एक सांगायला हवं. दोन कॉइलनी गुरगुर मारायची कल्पना जगात अगदी पहिली नव्हती. त्याच काळात ग्रेच कंपनीसाठी रे बट्स यांनीही असाच पिकअप बनवला. पण लव्हर यांची रचना इतकी साधी होती की आजही बहुतेक हमबकर त्याच आराखड्यावर बनतात.

पेटंटचा अर्ज २२ जून १९५५ ला गेला आणि पेटंट २८ जुलै १९५९ ला मिळालं. क्रमांक २८,९६,४९१. शोधक म्हणून नाव लव्हर यांचं, मालकी गिब्सनची. मधल्या काळात पिकअपच्या खाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचा छोटा स्टिकर लावत, आणि पेटंट मिळाल्यावरही तो काही वर्षं चालू राहिला. पुढे स्टिकरवर क्रमांक आला, तोही दुसऱ्याच पेटंटचा, लेस पॉल यांच्या टेलपीसचा! त्या पहिल्या स्टिकरवाल्या जुन्या पिकअपला आज एकेकाला हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत.

लव्हर यांच्या पिकअपमधून एकच सिग्नलची तार बाहेर यायची, भोवती जाळीचं ग्राउंड. दोन कॉइल जिथे जोडल्या जातात तो सांधा आतच बंद. पुढे १९७० च्या दशकात चार तारांचे हमबकर आले आणि तो सांधा लोकांच्या हातात आला. सांधा स्विचने ग्राउंडला जोडला की दुसरी कॉइल शॉर्ट होते आणि एकट्या कॉइलचा पातळ, खणखणीत आवाज मिळतो. याला कॉइल स्प्लिट म्हणतात. अर्थात गुरगुरही परत येते.

मग स्विचऐवजी पॉट लावला तर? सांध्याची तार पॉटच्या मधल्या पायाला, कडेचा एक पाय ग्राउंडला. झालं. (तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून आधी मल्टिमीटरने कॉइल ओळखा.) पॉट पूर्ण रोधावर असला की जवळपास पूर्ण हमबकर, शून्यावर आला की पूर्ण स्प्लिट.

खरी गंमत मधल्या जागेत आहे. अंदाजासाठी एका कॉइलचा रोध ४ किलोओहम आणि इंडक्टन्स २ हेन्री धरा, पॉट २० किलोओहमवर ठेवा. ५० हर्ट्झला कॉइलचा अडथळा ४ किलोओहमच्या आसपासच, म्हणजे तिची ८० टक्क्यांहून जास्त गुरगुर वजाबाकीसाठी शिल्लक राहते. पण ३००० हर्ट्झला अडथळा ३८ किलोओहमच्या घरात जातो आणि दुसऱ्या कॉइलचा निम्म्याहून जास्त आवाज गळून पडतो. थोडक्यात, वरच्या सुरांत एका कॉइलची धार, खाली दोन कॉइलचा भरणा, आणि मूळ गुरगुर बरीचशी दाबलेली. स्विचला हे जमत नाही. याच हिशेबामुळे ५०० किलोओहमच्या साध्या लिनियर पॉटमध्ये सगळा फरक शेवटच्या थोड्याशा फिरवण्यात दाटतो. पॉट बिघडला असं समजून बदलायला जाऊ नका, लॉग प्रकारचा घ्या आणि तो कोणत्या बाजूने जोडायचा ते तपासा.

लव्हर १९६७ मध्ये जास्त पगारावर गिब्सनच्या प्रतिस्पर्ध्याकडे, फेंडरकडे गेले. तिथे त्यांनी वाइड रेंज हमबकर बनवला. त्यात तांबं, निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूचे चुंबक होते, ज्यांच्यावर स्क्रूचे आटे पाडता येत. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले. १९९० च्या दशकात, ऐंशी ओलांडल्यावर, सेमूर डंकन यांच्यासोबत त्यांनी आपल्या मूळ रचनेचा पिकअप पुन्हा तयार केला. या वेळी पिकअपला नाव त्यांचं होतं. ३१ जानेवारी १९९७ ला ते गेले.

कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड कंपनीचा असतो, हे मी दर महिन्याच्या पगारासोबत मान्य करतो. त्यामुळे लव्हर यांच्या पेटंटची गोष्ट मला फार परकी वाटत नाही. येत्या नवरात्रात एखाद्या मंडपात गिटारवाला प्रेक्षकांकडे तोंड करून निवांत वाजवताना दिसला, तर त्याच्या गिटारमधले ते दोन डबे जरूर बघा. तिथे लव्हर यांचं नाव बहुधा नसेल. काम मात्र त्यांचंच आहे.